ओझं कोणाच्या खाती?

गिटारच्या ॲम्प्लिफायरच्या दुकानात गेलं की दुकानदार वॅट सांगतो आणि मी किलो विचारतो. तो म्हणतो, "साहेब, शंभर वॅट आहे." मी म्हणतो, "ते ठीक आहे हो, पण भरतो किती?" मग भोपळा घ्यायला येऊन त्याचा आवाज कसा आहे असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे भाजीवाल्यानं पाहावं, तसा तो माझ्याकडे पाहतो. त्याचंही चूक नाही. ॲम्प्लिफायर विकत घेणारी माणसं दोन प्रकारची असतात: ज्यांना कान आहेत ती, आणि ज्यांना पाठ आहे ती. चाळिशीपर्यंत मी पहिल्या वर्गात मोडत होतो. मग पाठ मोडली आणि वर्ग बदलला.

पाठ हा अवयव मोठा चमत्कारिक. आपला असून आपल्याला दिसत नाही, दिसतो तो लोकांना. आणि मराठी भाषेनं तर या बिचारीवर जेवढा भार टाकला आहे तेवढा दुसऱ्या कुठल्या अवयवावर टाकलेला नाही. शाबासकी द्यायची तर पाठ थोपटा, घाबरलात तर पाठ दाखवा, रुसलात तर पाठ फिरवा, दगा द्यायचा तर पाठीतच खंजीर खुपसा. धाकटा भाऊ पाठचा, शाळेतली कविता तोंडपाठ, आणि निवडणुकीत जाहीर होतो तो पाठिंबा. एवढा कारभार बिनबोभाट सांभाळणारी पाठ एका सकाळी, चहाचा कप उचलताना, संपावर जाते. बँकेतल्या माणसाला संपाचं अप्रूप नाही. पण आमच्या संपाला निदान आधी नोटीस असते.

डॉक्टरांनी फोटो काढला, चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधल्या चकतीवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "बँकेत काय उचलता?"

"काही नाही. बसतो."

"तेच," डॉक्टर म्हणाले.

मला वाटलं, हा डॉक्टरी विनोद असेल. पण अल्फ नाकेमसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरानं १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांतल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. उभं राहण्यापेक्षा बसण्यात दाब जास्त आणि पुढे वाकून वजन उचलण्यात सगळ्यांत जास्त, असा त्याचा हिशेब. बसण्याच्या आकड्यावर पुढे इतरांनी शंका काढली. वाकून उचलण्याबद्दल मात्र कोणी काढली नाही. तेव्हा मी बसणं चालू ठेवलं आणि उचलणं बंद केलं. तसं आमच्या बँकेत अगदीच काही उचलावं लागत नाही असं नाही. दहा रुपयांचं एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. दोन हजार नाण्यांची पिशवी म्हणजे साडेपंधरा किलो. वीस हजार रुपये! लोकांना वाटतं पैसा हलका असतो. तो हलका नोटांत असतो.

आता हा गिटारचा भाग कुठून आला, ते सांगायला हवं. मी राहतो बदलापूरला, बँकेची शाखा उल्हासनगरात, आणि मी गिटार वाजवतो ही गोष्ट शाखेत फक्त दोघांना ठाऊक आहे. त्यांतला एक मी. आमचा आठ जणांचा हौशी वाद्यवृंद आहे. गणपतीत, नवरात्रात, कोजागिरीला, एखाद्या सोसायटीच्या वर्धापनदिनी आम्ही वाजवतो. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ही आमची त्रिस्थळी यात्रा. आमची कीर्ती रोज लोकल पकडते, पण कल्याणच्या अलीकडेच उतरते.

या वाद्यवृंदाचा एक पेटारा होता. पेटारा म्हणजे ॲम्प्लिफायर: दोन बारा इंची स्पीकर, आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर, भोवती जाड प्लायवूड आणि वजन तीस किलो. उल्हासनगरात एका गृहस्थांनी आपला ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा तो आम्ही सेकंडहँड घेतला. (उल्हासनगरच्या मालाबद्दल 'यू.एस.ए.'चा जो जुना विनोद आहे तो मी इथं करणार नाही. मला तिथं नोकरी करायची आहे.) तीस किलो हा आकडा काही आमच्याच पेटाऱ्याची मिरास नव्हे. व्हॉक्सचा एसी-थर्टी घ्या, फेंडरचा ट्विन रिव्हर्ब घ्या, सगळी मातब्बर मंडळी तिशीच्या आसपासच भरतात. आवाज म्हणजे हवा हलवणं, आणि ती हलवायला लोखंड आणि चुंबक लागतात, असं त्या काळचं शास्त्र.

पाठ गेल्यावर प्रश्न उभा राहिला, पेटारा कोणी उचलायचा? मी कॉमर्सचा पदवीधर. वेदान्त मला झेपत नाही, पण डबल एन्ट्री येते. लुका पाचिओली नावाच्या इटालियन साधूनं १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या पुस्तकात ती मांडली. एका खाती नावे तर दुसऱ्या खाती जमा, नुसतं खोडून टाकता येत नाही. ओझ्याचंही तसंच आहे. माझ्या पाठीवरून तीस किलो उतरले म्हणजे ते नाहीसे झाले असं नव्हे. ते कोणाच्या तरी खाती पडले. प्रश्न एवढाच, की ते कोणाच्या खाती टाकायचा मला अधिकार आहे?

सौभाग्यवती म्हणाली, "एवढं काय त्यात? सिलिंडर येतो तेवढंच वजन." आणि तिनं मला पेचात टाकलं. कारण ते अक्षरशः खरं आहे. स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो आणि रिकामी टाकी पंधरा-सोळा किलो. म्हणजे झाले की तीस! तो तीस किलोचा सिलिंडर एक पोरगा खांद्यावर टाकून, आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आणतो. दारात टेकवतो. आपण म्हणतो, "वजन करून दाखव." त्याच्या पाठीवर अजून कोणी निबंध लिहिलेला नाही. मग ॲम्प्लिफायरचंच मला एवढं का टोचावं? सिलिंडर गरजेचा आणि गिटार हौसेची, म्हणून? पण वाहणाऱ्याच्या मणक्याला ते कसं कळणार? चकती काही आत गॅस आहे की गाणं, हे पाहून दबत नाही.

"त्याला पैसे मिळतात ना?" हे उत्तर सगळ्यांच्या ओठांवर तयार असतं. माझ्याही होतं. पण या उत्तराची एक गोष्ट आहे, ती गिटारवाल्यांत प्रसिद्ध आहे. १९६५ च्या सुमाराला लंडनमध्ये 'द हू' या वाद्यवृंदाचा गिटारिस्ट पीट टाउनशेंड, ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या जिम मार्शलकडे गेला आणि म्हणाला, मला एकाच खोक्यात आठ बारा इंची स्पीकर हवेत. मार्शलनं सांगितलं, बाबा रे, हे उचलणारी तुझी माणसं तुला शिव्या घालतील. टाउनशेंडचं म्हणणं पडलं की त्यांना त्याचे पैसे मिळतात. खोकी बनली. थोड्याच दिवसांत स्वारी परत दारात हजर: माणसं कुरकुरताहेत, खोकं कापून अर्धं करून द्या! मार्शलनं कापलं नाही, चार-चार स्पीकरांची दोन खोकी एकावर एक ठेवून दिली. जगभरच्या रंगमंचांवर गिटारवाल्याच्या मागे जी काळी भिंत दिसते ती अशी जन्माला आली. लोक तिला संगीतातली क्रांती म्हणतात. माझ्या मते ते हमालांच्या कंबरांचं स्मारक आहे. त्यांना पैसे मिळत होते, तरीही पाठ दुखत होतीच. मजुरी कष्टाच्या खाती जमा होते; दुखण्याचं खातं उघडंच राहतं.

हा प्रश्न थोरामोठ्यांनीही हाताळला आहे. कान्ट नावाचा जर्मन तत्त्वज्ञ सांगून गेला की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. फार मोठा विचार. मात्र त्याच कान्टकडे लांपे नावाचा नोकर सुमारे चाळीस वर्षं होता आणि साहेब फिरायला निघाले की छत्री घेऊन मागून चाले, असं सांगतात. अर्थात कान्टनं 'केवळ' हा शब्द घातला आहे. आमच्या बँकेच्या परिपत्रकांतही असे शब्द असतात. सगळी सुटका त्यांतूनच होते.

तत्त्वज्ञांपेक्षा कायदे करणारे बरे, ते निदान आकडा देतात. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ साली शिफारस केली की प्रौढ पुरुषावर ५५ किलोहून जास्त बोजा नसावा. अमेरिकन तज्ज्ञांच्या सूत्रात सगळं काही मनासारखं असलं तरी २३ किलोच. आपल्याकडे महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. ज्यांच्या माथ्यावर शहरं उभी होती त्यांना मंडळ, नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. ही खरी मोठी गोष्ट, आणि ती माणसांनी भांडून मिळवली. पुढे २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी 'कुली' हा शब्द काढून 'सहायक' केला. तेही बरं झालं. शब्दाचं वजन कमी झालं, ट्रंकेचं तेवढंच राहिलं.

हे सगळं मी पोथीतलं सांगतोय. प्रत्यक्षात काय होतं ते एका गणपतीत उल्हासनगरला कळलं.

कार्यक्रम संपला होता. पेटाऱ्याची दुसरी कडी धरणारे आमचे तबलेवाले त्या दिवशी तापानं घरी होते. फर्निचर बाजाराच्या बाहेर एक हातगाडीवाला घरी निघालेला दिसला. साठी उलटलेली असावी. बोलण्यावरून मराठवाड्यातला. स्टेशनपर्यंत शंभर रुपये ठरले. मी पेटाऱ्याला हात लावायला वाकलो तेवढ्यात शर्टाखालून माझा पट्टा दिसला.

"कंबर?" त्यानं विचारलं.

"कंबर."

"पट्टा केवढ्याला?"

"अकराशे."

त्यानं सदरा वर केला. धोतराचा फाडलेला पट्टा त्यानं कमरेला आवळून बांधला होता. "ह्यो फुकट," तो म्हणाला.

मी म्हटलं, मग राहू द्या, तुम्ही नका उचलू, मी दुसरं कोणी बघतो. मला वाटलं होतं, माणुसकीची ही परमावधी झाली. तर तो चक्क चिडला. "दुसरं का? पाठ माझी हाय साहेब. तुमी तिची काळजी करून मला घरी पाठवनार. घरी जाऊन काय करू, शेकत बसू?"

याला कान्टकडे उत्तर नाही. मी शोधलं. त्याला उचलू द्यावं तर त्याची पाठ जाते, न द्यावं तर त्याचे शंभर रुपये जातात. माझी सहृदयता मला फुकट पडत होती. तिची किंमत तो मोजणार होता. मी गप्प उभा राहिलो. तो गुडघ्यांत वाकला, पाठ सरळ ठेवली, पेटारा छातीशी धरला आणि उठला. अगदी डॉक्टरांच्या भिंतीवरच्या तक्त्यात दाखवतात तसा. मला ते शिकायला सहाशे रुपये फी आणि चार बैठका लागल्या होत्या.

वाटेत त्यानं विचारलं, "ह्यातून काय निघतं?"

"गाणी."

"येवढी जड?"

मी दीडशे दिले. जास्तीचे पन्नास कशाबद्दल, हे मला अजून सांगता येत नाही. कुठल्या खाती टाकावी ते ठरत नाही, अशी रक्कम आम्ही बँकेत सस्पेन्स अकाउंटला टाकतो. ती तिथंच आहे.

आणि उल्हासनगरात ओझ्याबद्दल जरा जपूनच बोलावं. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत, फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं इथं राहिली. १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. घरदार सोडताना काय घ्यायचं याचा निर्णय त्यांनी वॅट पाहून केला नसणार. हाताला जेवढं पेललं तेवढा संसार. तिकडे अंबरनाथचं शिवमंदिर घ्या, शके ९८२, म्हणजे १०६० सालचं. शिलालेखात शिलाहार राजा माम्वाणीचं नाव आहे. दगड वाहणाऱ्यांचं नाही. एवढ्या दगडांत कोणाचीच कंबर धरली नसेल का? पण ती नोंद लेजरला नाही.

मग माणसानं करायचं काय? वाजवणंच सोडायचं? हा विचार मी केला आणि टाकून दिला, कारण तो फार सोपा होता.

माझ्या डोक्यात दुसरंच एक दृश्य घोळत होतं. आमच्या बदलापूरकडे गावागावांत अखंड हरिनाम सप्ताह होतात. त्यात वीणा खाली ठेवायची नाही असा दंडक. सात दिवस, रात्रंदिवस, ती कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात हवी. पहारा संपला की दुसरा वीणेकरी येतो. आधीचा वीणा त्याच्या गळ्यात घालतो, आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. ओझं एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर गेलंच की! डबल एन्ट्री पक्की. पण कोणी कोणाचा हमाल झाला नाही, कोणी कोणाचा साहेब नाही. उतरवणारा वाकतो आणि घेणाराही वाकतो, आणि त्या वाकण्यानं मात्र पाठ दुखल्याचं ऐकिवात नाही. हातगाडीवाल्याला दिलेले ते पन्नास रुपये हे बहुधा असंच काहीतरी करू पाहत होते. जमलं नाही. नोटेला वाकता येत नाही.

वारकऱ्यांची एक आणखी गोष्ट मला पटते. त्यांची सगळी वाद्यं चालता येईल अशी आहेत. टाळ, वीणा, गळ्यातला मृदंग. सकाळच्या लोकलमधली भजनी मंडळीच पाहा. टाळ आणि ढोलकी एवढ्या सामानावर बदलापूरपासून आख्खा डबा दणाणतो, आणि तोही ज्यांनी मागितलेलं नाही अशांसाठी. तिथं वॅटची चौकशी कोणी करत नाही.

तेव्हा मी बाजारात निघालो, खिशात सामान तोलायचा आकड्याचा काटा घेऊन. दुकानदार एक एक खोकं पुढे करायचा आणि मी ते काट्याला टांगायचो. एकानं मला वैधमापन खात्याचा माणूस समजून चहा मागवला. मी तो घेतला. या भटकंतीत एक गोष्ट मात्र कळली, ती तुम्हालाही उपयोगी पडेल. वॅट दसपट केले तर कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. म्हणजे पन्नास वॅटचा सोडून पाच वॅटचा घेतला तर आवाज एक दशांश होत नाही, निम्म्यावर येतो. सोसायटीच्या गच्चीला निम्मा पुष्कळ झाला. खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं तर म्हणणं की पावही चालेल. शिवाय आता लोखंडी ट्रान्सफॉर्मरऐवजी हलकी सर्किटं आली, हलकी चुंबकं आली. शेवटी सव्वापाच किलोचा एक घेतला. पेन्सिल सेलवरही चालतो. दुकानदार म्हणाला, "साहेब, हा शिकाऊ पोरांचा असतो." मी म्हटलं, "बरोबर. मी उचलायला शिकतोय."

घरी आणून न्याहाळलं तेव्हा लक्षात आलं की याला मूठ एकच आहे, वर. पेटाऱ्याला दोन्ही बाजूंना दोन कड्या होत्या. म्हणजे तो बनवणाऱ्यानं गृहीतच धरलं होतं की उचलायला माणसं दोन येतील. अकरा वर्षं त्याची दुसरी कडी आमच्या तबलेवाल्या काकांच्या हातात होती. काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, माझ्याहून वीसएक वर्षांनी मोठे. दोन माणसांनी एक ओझं धरलं की पावलं जुळवावी लागतात. डावा, उजवा, थांब, आता जिना. रेल्वेच्या पुलावर प्रत्येक टप्प्याला पेटारा टेकवायचा आणि दम खाता खाता बोलायचं. काकांच्या मुलीचं लग्न कसं ठरलं, फंडाचे पैसे कशात गुंतवले, काकूंची साखर किती, हे सगळं मला पेटाऱ्यावर बसून कळलेलं आहे. सव्वापाच किलोला टप्प्यावर थांबावं लागत नाही.

पहिल्या कार्यक्रमाला मी तो एका हातात लटकवून अंबरनाथला उतरलो. काका फलाटावर उभे होते. खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे मी सुटलो," काका म्हणाले. पण सुटलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. मुदत ठेव मोडायला आलेला ग्राहक काउंटरवर ज्या आवाजात बोलतो, तसा होता.

त्यांच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, एकीत तबला, दुसरीत तांब्याचा डग्गा. मधूनमधून ते डावा गुडघा चोळत होते. अकरा वर्षांत या पिशव्या कोण नेतं, हे मी पाहिलंच नव्हतं, कारण पेटाऱ्याच्या दिवशी त्या आमच्या गायकाकडे असायच्या. आज माझा एक हात मोकळा होता.

"डग्गा द्या इकडे," मी म्हटलं.

"तुझी पाठ रे—"

"दोन्ही हातांत सारखं वजन हवं, असं डॉक्टरच सांगतात. ताळेबंद जुळतो."

काकांनी थोडा विचार करून डग्ग्याची पिशवी दिली. तबल्याची मात्र घट्ट धरून ठेवली.

"तो नाही देणार," ते पुलाच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवत म्हणाले, "तुम्ही बँकवाले. दिलेलं परत कधी कराल, याचा काय भरवसा?"

पहिल्या टप्प्यावर आम्ही थांबलो. काकांच्या गुडघ्यासाठी. काकूंची साखर आता बरी आहे.